मांसधातूची सेवा

देह हे देवालय होय, असे आपण कीर्तनातून वरचेवर ऐकतो आणि मान डोलावतो. पण ह्या देवालयाचा एखादा चिरा निखळला तर तो पुन्हा कोण बसवितो, हे विचारण्याची जिज्ञासा आपल्यांपैकी थोड्यांनाच होते. आम्हांसही ती झाली नसती. परंतु गेल्या त्रिपुरी पौर्णिमेस पालखी पायऱ्या उतरत असता आमच्या तीर्थरूपांच्या पोटरीत मागून कोणी सोटा हाणावा तशी कळ उठली. त्यांनी वळून पाहिले, तो मागे कोणीच नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता.

त्या रात्री आम्ही सेवेच्या उत्साहात गरम तेलाने त्यांचा पाय तासभर चोळला. सकाळी पाहतो तो पोटरी दुप्पट सुजून काळीनिळी झालेली! भक्तीने केले म्हणजे ते हिताचेच असणार, हा आमचा समज तेथे संपला. फाटलेल्या स्नायूत पहिल्या दिवशी रक्त झिरपत असते. त्यावर मर्दन करणे आणि उष्णता देणे म्हणजे फुटलेल्या बांधावर आणखी पाणी सोडणे होय. त्या वेळी हवा होता गार शेक, बेताचा दाबपट्टा, पाय उंच ठेवणे आणि विसावा. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा तीर्थरूप आम्हांस काहीच बोलले नाहीत, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

सुश्रुताचार्यांनी शरीरस्थानात पुरुषदेहात 500 पेशी गणल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा स्वतंत्र गट, आजच्या भाषेत स्नायू. आज आपण पेशी म्हणतो ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी देहाची कणिका. शब्द तोच, अर्थ पार पालटला! आजच्या गणनेने अस्थींना जोडलेले स्नायू 600 हून अधिक भरतात. ह्या स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे अनेक पेशी एकजीव होऊन बनलेला एक लांब धागा. त्यात केंद्रके पुष्कळ, पण त्यांतील एकही पुन्हा विभागत नाही. मग तुटलेला धागा नवा कसा होतो?

ह्याचे उत्तर 1961 साली अमेरिकेत अलेक्झांडर मॉरो ह्या शास्त्रज्ञाच्या हाती लागले. बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तंतूचे आवरण आणि त्यावरील बाह्य पटल ह्यांच्या मधल्या फटीत चिकटून बसलेल्या बारीक पेशी त्यांना दिसल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा, म्हणून त्यांना उपग्रह पेशी हेच नाव पडले. एरवी त्या निद्रिस्त असतात. मोठ्या वाड्याच्या ओटीवर एखादा जुना गडी वर्षानुवर्षे काही न बोलता बसून असावा, तशा.

इजा झाली की प्रथम काही तासांत रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि एकदोन दिवसांत महाभक्षी पेशींचा भरणा होतो. ह्या मृत तंतूंचे तुकडे गिळून जागा स्वच्छ करतात. सूज, लाली, ठणका हे सगळे ह्याच झाडलोटीचे. तो शत्रू नव्हे, हे ध्यानी ठेवावे. झाडलोट झाल्यावाचून नवी उभारणी होत नाही. पुढे ह्याच भक्षकांचे वर्तन पालटते आणि ते उभारणीस साहाय्य करू लागतात. तोवर उपग्रह पेशी जाग्या होतात, एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात, एकमेकींत आणि तुटलेल्या टोकांत विरघळून नवा तंतू घडवितात. आम्हांस सर्वांत विलक्षण वाटले ते हे, की सगळ्याच पेशी ह्या कामी खर्ची पडत नाहीत. काही पुन्हा आपल्या फटीत जाऊन निजतात, पुढील प्रसंगासाठी. यज्ञात सगळे धान्य न घालता बियाणे राखून ठेवणारा गृहस्थ आम्हांस येथे दिसला.

पण ह्याच वेळी दुसरे एक काम चालू असते. फटीत वणाचे चिवट धागे विणले जातात. थोडे हवेतच, नाहीतर टोके एकत्र राहणार नाहीत. पण फार झाले तर नव्या तंतूंची वाट अडते. म्हणूनच विसावा हवा तो पहिल्या काही दिवसांपुरता. त्यानंतर दुखणार नाही इतपत हालचाल सुरू केली म्हणजे नवे तंतू ताणाच्या दिशेने सरळ लागतात आणि बारीक रक्तवाहिन्याही फुटतात.

येथे आमच्या घरात वाद झाला. समाचारास येणारी वडीलधारी मंडळी म्हणत, महिनाभर खाटेवरून उतरू देऊ नका. तीर्थरूप पाचव्या दिवसापासून गाभाऱ्याकडे डोळे लावून बसलेले. आम्ही मंडळींचे ऐकले आणि त्यांना अकरा दिवस अडवून ठेवले. डॉक्टरांनी पाय मोजून दाखविला तेव्हा चांगली पोटरी आणि दुखावलेली पोटरी ह्यांतील फरक डोळ्यांना दिसत होता. न वापरलेला स्नायू इतक्या लवकर झडतो! आम्ही प्रेमापोटी त्यांचे दोनदा नुकसान केले.

ह्या सामर्थ्याला सीमा आहेत. मांसाचा फार मोठा भाग गेला तर तो भरून येत नाही. मज्जातंतू पुन्हा जोडला गेला नाही तर नवा तंतू बळ धरीत नाही. वय वाढते तशी निजलेली पेशी उशिरा जागी होते. हृदयही मांसाचेच, पण त्याला असे राखीव गडी दिलेले नाहीत. झटक्यानंतर तेथे बहुतांशी वणच राहतो.

तीर्थरूप सहाव्या आठवड्यात काठीवाचून गाभाऱ्याची पायरी चढले. प्रथम डावा पाय, मग उजवा, मग थोडे थांबून घंटेला हात. यंदाच्या त्रिपुरीस ते पालखीपुढे चवरी घेऊन चालणार आहेत, खांदा आम्ही देऊ. मागच्या दांडीला अजून दोन तरुण हवे आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आठवडाभर आधीपासून सायंकाळी देवळाच्या पायऱ्यांवर यावे. पोटऱ्या ताणून, सैल करून, रिकामी पालखी चारदा वरखाली नेण्याचा सराव आम्ही ठेवला आहे.