दार्ष्टांतिक कोणी लिहावे?

‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथाची रचना वाचकांस सुपरिचित आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. यांपैकी सूत्र व दृष्टांत सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे. दार्ष्टांतिक मात्र केशिराजबासांचे. ऐकलेल्या दृष्टांताचा सूत्राशी अन्वय लावण्याचे काम गुरूने नव्हे, अनुयायाने केले. वयात येणाऱ्या मुलांना जाणीवपूर्वक वळण लावू पाहणाऱ्या मातापित्यांनी या क्रमाकडे अवश्य लक्ष द्यावे.

घरोघरी सूत्रांची वाण नसते. खरे बोलावे, उधळपट्टी करू नये. दृष्टांतही असतात, ते बहुधा शेजारच्या मुलाचे, आणि म्हणूनच अप्रिय. परंतु दार्ष्टांतिकाची वेळ आली की वडील स्वतःच लेखणी घेऊन बसतात. कोठे किती खर्चावे, कोणाची क्षमा मागावी, सर्व ठरवून दिले जाते. पुढे अठराव्या वर्षी कायदा मुलास सज्ञान ठरवतो आणि घर त्याच्याकडून एका रात्रीत विवेकाची अपेक्षा करू लागते.

कायद्याच्या भाषेत ज्यांना ‘अज्ञान’ म्हणतात, अशा दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालवू देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना मुभा दिली. पण पासबुक वडिलांच्याच कपाटात राहिले, तर मुलगा काय शिकणार?

समजा, सोळा वर्षांच्या मुलाकडे महिन्याचा किराणा सोपवला. वीस तारखेलाच पैसे संपले. वडिलांनी गुपचूप भर घातली तर सूत्र पुसले जाते; संताप केला तर मुलगा हिशेब नव्हे, हिशेब लपवणे शिकतो. यावर आक्षेप असा की, चूक होणार हे दिसत असताना ती होऊ देणे हा अधर्म नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. वाहन, अग्नी, व्यसन येथे हात धरलाच पाहिजे. आजीच्या औषधाचे पैसेही आधीच बाजूला काढले पाहिजेत. मातापित्यांची खरी जाणीवपूर्वकता या सीमा आखण्यात आहे. सीमेच्या आतील तोटा मात्र मुलाचाच. (मुलीला केवळ चूल आणि मुलाला केवळ व्यवहार, ही वाटणीही येथेच मोडावी.)

मग उरलेले दहा दिवस घरात चहा कोरा होतो. तो सर्वांनी, वडिलांनीसुद्धा, काही न बोलता प्यावा. पुढच्या महिन्याची यादी मुलगा करील, तेव्हा दूध कितव्या ओळीवर येते ते पाहावे.