हाताचे वळण

परप्रांती बदली झालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानातून काही ना काही असे निघतेच की, जे पाहून नव्या शेजाऱ्यांनी 'हे काय?' असे विचारावे. आमच्या सामानात विळी होती. पहिली नेमणूक कोलकात्यास झाली तेव्हा आईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली. परंतु तेथे तो प्रश्न कोणीच विचारला नाही. शेजारच्या बंगाली गृहिणीकडे तसाच पाट, तसेच उभे पाते आणि पायाने पाट दाबून बसण्याची तीच रीत होती. नाव तेवढे बोंटी. त्या बाई आईला 'माशीमा' म्हणत. हे संबोधन मावशीचे आहे असे कळेपर्यंत आई थोडी खट्टू होती, तो भाग निराळा. दोघींना परस्परांची भाषा येत नव्हती. तथापि दुपारी व्हरांड्यात समोरासमोर बसून भाजी चिरताना त्यांचे कोठे अडल्याचे आम्ही पाहिले नाही. केळफूल सोलण्याची बंगाली तऱ्हा आईने तेथेच उचलली.

सुरीमध्ये पाते हलते आणि पदार्थ स्थिर असतो. विळीमध्ये पाते स्थिर असते आणि पदार्थ त्याच्यावर चालून जातो. पकडीचे काम पायाकडे गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. हा फरक वाटतो तितका लहान नाही. विळी वापरावयाची म्हणजे जमिनीवर बसता आले पाहिजे, एक गुडघा उभा करून घटकाभर कंबर सावरता आली पाहिजे, आणि बोटांना पात्याचे अंतर न पाहता कळले पाहिजे. अर्थात अर्धी विळी लोहाराने केलेली असते व उरलेली अर्धी बसणाऱ्याच्या देहात असते.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1934 साली मानसशास्त्र मंडळापुढे दिलेल्या एका व्याख्यानात नेमका हाच विषय घेतला होता. चालणे, पोहणे, बसणे, निजणे या गोष्टी आपण निसर्गदत्त समजतो. मॉसच्या मते त्या शिकविलेल्या असतात, आणि प्रत्येक समाज त्या आपल्या परीने शिकवितो. मनुष्याचे पहिले हत्यार म्हणजे त्याचे शरीर. पहिल्या महायुद्धात मॉस ब्रिटिश फौजेबरोबर होता. त्या सैनिकांना फ्रेंच फावडी चालविता येईनात. एका देशाच्या तुकडीच्या जागी दुसऱ्या देशाची तुकडी आली म्हणजे दर डिव्हिजनमागे आठ हजार फावडी बदलावी लागत, असे त्याने सांगितले आहे. फावड्यासारखे फावडे, पण हाताला त्याचे वळण नव्हते. याच युद्धात चिखलपाण्यात थांबण्याची वेळ आली की ऑस्ट्रेलियन सैनिक खुशाल उकिडवे बसून विसावा घेत आणि मॉसला मात्र ताटकळत उभे राहावे लागे. लहान मुलाला उकिडवे बसता येते. ते कसब त्याच्याकडून काढून घेणे ही मोठी चूक होय, असे त्याने स्वच्छ म्हटले आहे. या साऱ्या प्रकाराला नाव देताना त्याला फ्रेंच शब्द पुरेसा वाटला नाही, म्हणून त्याने लॅटिनमधून 'हॅबिटस' हा शब्द घेतला. त्याला मराठी येत असते तर लॅटिनपर्यंत जावे लागले नसते. अक्षराचे वळण, हाताचे वळण, घरचे वळण, ही सारी एकाच शब्दात आपल्याकडे नांदतात.

त्याचाच शिष्य आंद्रे लर्वा-गुरां याने 1964 व 1965 साली दोन खंडांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्य दोन पायांवर उभा राहिला म्हणून हात मोकळा झाला, आणि हाताने पकडण्याचे काम पत्करले म्हणून तोंड बोलण्यास मोकळे झाले, असे त्याचे प्रतिपादन आहे. हत्यार हे हालचालीतच जिवंत असते हे त्याचे म्हणणे आम्हांस विशेष पटते. भूगर्भखात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट या अधिकाऱ्यास (तोही परमुलखात नेमणूक झालेला सरकारी नोकरच!) 1863 साली मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार सापडले. दगड सापडला, तो चालविणाऱ्या मनगटाची फेक काही सापडली नाही. ती दगडावरील घावांवरून ताडावी लागते.

हे सारे वाचले तेव्हा आमची बदली दिल्लीस झालेली होती, आणि विळी माळ्यावर गेलेली होती.

ती आम्हीच ठेविली. घरात रांगते मूल होते, सरकारी निवासस्थानातील स्वयंपाकघर ओट्याचे होते, आणि ओट्यापुढे जमिनीवर कोणी बसले तर दुसऱ्यास हालता येत नसे. कारणे सबळ होती. आई आली तेव्हा तिच्या हाती सुरी व चिरण्याची फळी दिली. जी बाई मेथी केसासारखी बारीक चिरीत असे तिच्या हातून गवार वेडीवाकडी पडू लागली. एकदा बोट कापले. हळूहळू ती स्वयंपाकघरात येईनाशी झाली. 'आता वय झाले,' असे आम्ही म्हणालो. तीही तसेच म्हणू लागली. वस्तुतः वय झाले नव्हते. आम्ही तिचे अर्धे हत्यार माळ्यावर टाकले होते, आणि उरलेले अर्धे तिच्या गुडघ्यांत व बोटांत निरुपयोगी होऊन पडले होते. कोणाचे कसब काढून घ्यावे आणि मग त्यास अशक्त ठरवावे, याला काय म्हणावे? नव्या संगणकावर चाचपडणाऱ्या वडील सहकाऱ्यांना आम्ही हसलो होतो, तेही तेव्हा आठवले.

येथेच थांबलो असतो तर हा लेख विळीवरील विलापिका झाला असता. परंतु हा विषय आम्ही सौभाग्यवतींपुढे काढला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ओट्यामुळे माझे गुडघे वाचले आहेत. आणि खाली बसलेल्या बाईला घरातला जो तो वरून हुकूम सोडतो, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?"

पाहिले नव्हते. उभ्या माणसास ते दिसत नाही. जात्यावरच्या ओव्यांचे आम्हांस कौतुक. दळणारीचा खांदा आमचा नव्हता. वळणात कसब साठते तशी लाचारीही साठते. ओंजळीचेच पाहा. वरून कोणी विटाळ टाळीत पाणी ओतावे आणि खाली वाकून ते ओंजळीत झेलावे, हेही समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देहाला लावलेले वळणच होते. 20 मार्च 1927 रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यात उतरून पाणी घेतले तेही ओंजळीनेच. हात तोच, बोटांचा आकार तोच. पाणी मात्र कोणी वरून घातले नव्हते. मॉसच्या यादीत ही ओंजळ नाही. पोहणे आणि फावडे यांच्याबद्दल बोलताना त्याला न्यायान्यायाचा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. आम्हांस तो टाळता येत नाही. कोणते वळण राखावे आणि कोणते मोडावे हे वळणाच्या जुनेपणावरून ठरणार नाही, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या पुरुषाने तर ते परस्पर ठरवूच नये.

मूल शाळेत जाऊ लागल्यावर विळी माळ्यावरून खाली आली. सौभाग्यवतींनी एकच अट घातली : सासूबाईंनी खाली बसून चिरावे, पण त्यांना काही सांगावयाचे असेल त्याने खाली बसून सांगावे. आता सकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून आई बसते. गेल्या रविवारी आम्हीही बसून पाहिले. पाट दोनदा निसटला. आईने आमचा पाय घोट्याशी धरून पाटावर नीट टेकविला आणि म्हणाली, "बोटांकडे बघू नकोस." कोथिंबीर जाडीभरडी झाली. आमटीत तीच पडली.