दौऱ्यावर निघणाऱ्या पुतण्यास

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून बँडबरोबर दौऱ्यावर निघतोयस, हे दादाकडून कळलं. मी तुला अडवावं, अशी त्याची इच्छा दिसते. ते मी करणार नाही. गळा कसा जपायचा हेही सांगणार नाही. त्याला तुझ्या गाण्याच्या बाई समर्थ आहेत. ज्या फोक-रॉकवाल्यांना तू देव मानतोस, त्यांच्या गाण्यांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण गाण्यावाचून त्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते भलत्याच गोष्टींपायी, आणि त्यांच्याकडे तुमचं लक्ष नसतं.

रात्रीच्या प्रवासाचंच बघ. इंग्लंडचा 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' 12 मे 1969 रोजी बर्मिंगहॅमचा कार्यक्रम उरकून परतत होता. एम-वन महामार्गावर व्हॅन चालवणाऱ्याला डुलकी लागली. ड्रमवाला मार्टिन लॅम्बल गेला, अवघा 19 वर्षांचा. गिटारवाल्या रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस या मंडळींनी 'लीज अँड लीफ' काढला, इंग्रजी लोकगीतं विजेच्या गिटारींवर चढवली, याचं सगळे कौतुक करतात. मला ते कौतुक ऐकवत नाही. लॉजचे पैसे वाचवायला प्रयोग संपला की बस काढायची खोड आपल्या नाटकवाल्यांनाही आहे. तू ती लावून घेऊ नकोस. वाजवणाऱ्याने गाडी चालवायची नाही आणि मध्यरात्रीनंतर कोणीच चालवायची नाही.

पैशाचं मात्र नीट ऐक, इथे माझा अधिकार चालतो. गायक-कवी लेनर्ड कोहेन लॉस एंजलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात भिक्षू होऊन राहिला. तिथून उतरला तो 1999 मध्ये थेट मुंबईला आला आणि अद्वैत शिकवणाऱ्या रमेश बालसेकरांच्या घरी सत्संगाला बसू लागला. (बालसेकर बँक ऑफ इंडियाचे माजी अध्यक्ष! माझ्यासारख्या बँकवाल्याला वाटतं, अद्वैत विचारून झाल्यावर खात्यांबद्दलही दोन प्रश्न विचारायचे होते.) 2004 मध्ये त्याच्या लक्षात आलं की म्हातारपणाची पुंजी, पन्नास लाख डॉलरच्या वर, विश्वासातल्या मॅनेजरच्या हाताखालून निघून गेली आहे. कोर्टाने 2006 मध्ये सुमारे 90 लाख डॉलरचा हुकूमनामा दिला. वसुली झाली नाही.

मग काय करतो? मे 2008 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या छोट्या नाट्यगृहापासून त्याने दौरा सुरू केला. त्याआधीचा दौरा 1993 चा. महिनोन्‌महिने तालीम केली होती. जवळजवळ तीन तासांचा कार्यक्रम, रंगमंचावर उड्या मारत येणं, साथीदार वाजवत असताना टोपी काढून छातीशी धरून उभं राहणं. बुडालं त्याहून अधिक त्याने कमावलं. पण सत्तरी उलटल्यावर तशी गर्दी खेचायला कोहेनच असावं लागतं. तू आपला रोज रात्री जमाखर्च लिही. मॅनेजर कितीही जिवाभावाचा असो, खात्यावर सही तुझीच राहू दे.

शरीर साथ सोडतं तेव्हा काय करायचं, हे गायिका जोनी मिचेलकडून शिक. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात दुबळा राहिला, म्हणून तिने गिटारच्या तारा आपल्या सोयीने वेगळ्या लावल्या. तिची सुरावट निराळी वाटते ती त्यामुळेही. 2015 मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. स्वतःचे जुने व्हिडिओ बघून, बोटं कुठे पडतात ते ताडून, ती गिटार पुन्हा शिकली आणि जुलै 2022 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात मंचावर उभी राहून एकटीने वाजवली. आवाज खाली उतरला होता. तिने तो चोरून चढवला नाही. गायक पॉल सायमनने 2018 मध्ये निरोपाचा दौरा केला, पुढे डाव्या कानाचं ऐकणं बरंचसं गेलं, तरी 2025 मध्ये तो परत निघाला. या वेळी सभागृहं लहान घेतली. तू ड्रमच्या शेजारी उभा राहतोस. निघण्याआधी ऑडिओमेट्री करून घे आणि इअरप्लग घालायला लाजू नकोस.

लोक ओरडतील ते सोडून दे. विजेची गिटार घेतली म्हणून 1966 मध्ये मँचेस्टरच्या श्रोत्यांतून कोणीतरी बॉब डिलनला 'जूडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हणालं होतं. 1988 पासून, करोनाचा काळ वगळला तर, तो दौऱ्यावरच आहे आणि स्वतःच्याच गाण्यांच्या चाली अजून बदलतो.

आयोजकांबरोबरचे करार तयार झाले असतील तर सही करण्याआधी मला पाठव. बिदागी कधी मिळणार आणि कार्यक्रम रद्द झाला तर खर्च कोणाचा, ही दोन कलमं मी स्वतः वाचीन.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकाका