चैत्राचा संकल्प आणि सुटीचा हिशेब



माघांतली गोष्ट. सातपुरांत एका सप्ताहांतलें कीर्तन आटोपलें. आरती झाली, बुक्का झाला, मंडळी पांगली. आणि कारखान्यांत काम करणारा एक तरुण पायां पडून तसाच उभा राहिला. म्हणाला, "महाराज, एक विचारूं का? चैत्रांत सुट्या जोडून येतात. मित्रांचें कोंकणांत जायचें ठरतें आहे, उद्यां पैसे भरायचे. इकडे आई तीन वर्षें म्हणते आहे, चैत्रीला पंढरीस ने. मीं काय करावें?"

मीं विचारलें, "आईला काय उत्तर दिलेंस?"

"पुढच्या वर्षीं बघूं, असें सांगितलें."

माऊली, आज निरूपणाला हाच शब्द घेतों: 'बघूं'. हा शब्द नकार देत नाहीं, म्हणून तो बोलतांना जीभ अडखळत नाहीं. पण ऐकणाऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं.

कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याला पुढचा हिशेब कशाला? देवावर भार टाकावा आणि निघावें. बाबांनो, वारी म्हणजेच पुढचा हिशेब! ज्येष्ठांत त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, आपल्या सातपूरवरून जाते. कोणत्या गांवीं विसावा, कोणत्या गांवीं मुक्काम, पाण्याचा टँकर कोठें, हें सगळें आधीं ठरलेलें असतें. देवावर भार टाकणाऱ्या लोकांनींच हें ठरविलें आहे. नेम धरणें म्हणजे उद्यांचा दिवस आजच देवाच्या नांवानें राखून ठेवणें. ऐन वेळीं मन काय म्हणेल याचा भरंवसा नसतो, म्हणून तर नेम.

आतां सुट्यांचें पाहूं. शके १९४७ मध्यें, म्हणजे २०२५ सालीं, पाडवा ३० मार्चला आणि रामनवमी ६ एप्रिलला आली, दोन्ही रविवारीं. लोक हळहळले, "दोन सुट्या बुडाल्या!" रामाचा जन्म झाला याचा आनंद बाजूला, सुटी बुडाल्याचें दुःख पुढें. शके १९४८ चा चैत्र कसा पडला पाहा. पाडवा गुरुवारीं, १९ मार्चला. रामनवमी गुरुवारीं, २६ मार्चला. कामदा एकादशी, म्हणजे आपली चैत्री वारी, रविवारीं, २९ मार्चला. ज्याला शनिवार-रविवार सुटी, त्यानें मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली कीं चार दिवस हातीं. त्या तरुणानेंहि हाच हिशेब मांडला होता. पण त्यांत एक चूक होती. एकादशी रविवारीं, तर द्वादशी सोमवारीं. पारणें सोडल्यावांचून एकादशी पुरी होत नाहीं. तेव्हां सोमवारचीहि रजा धरली पाहिजे.

या द्वादशीवरून भागवताच्या नवव्या स्कंधांतली अंबरीषाची कथा आठवते. राजानें वर्षभर एकादशीव्रत केलें. सांगतेच्या द्वादशीला दुर्वास ऋषि अतिथि म्हणून आले आणि स्नानाला गेले ते येईनात. तिथि संपत आली. अतिथीच्या आधीं जेवावें तर धर्म मोडतो, पारणें न करावें तर व्रत मोडतें. राजानें जाणत्यांना विचारलें आणि नुसतें पाणी घेतलें. तें जेवण आहेहि आणि नाहींहि. ऋषि कोपले, सुदर्शन त्यांच्या मागें लागलें. पण मला गोड वाटतो तो पुढचा भाग. दुर्वास परत येईपर्यंत एक वर्ष गेलें, आणि राजा तोंवर पाण्यावर राहून अतिथीची वाट पाहत होता. वेळ पाळावी, पण माणूस सोडूं नये, हें अंबरीषापासून शिकावें.

एकानें विचारलें होतें, गेल्या वर्षीं ज्या तारखेला वारी, त्याच तारखेला यंदा कां नाहीं? चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, सौर वर्ष ३६५ दिवसांचें. दर वर्षीं अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला अधिकमास. शके १९४८ मध्यें ज्येष्ठ अधिक, म्हणून २०२५ सालीं ६ जुलैला आलेली आषाढी २०२६ सालीं २५ जुलैवर गेली. इंग्रजी तारीख धरून बसणारा फसतो. आपल्या वडिलांची रीत बरी होती. पाडव्याला कडुलिंब खाऊन पंचांग ऐकायचें. पंचांगश्रवण म्हणजे वर्षाचें नियोजनच. त्याच दिवशीं घरांतल्या सगळ्यांनीं बसून वर्षाच्या एकादश्या, वाऱ्या, म्हाताऱ्यांच्या इच्छा आणि कारखान्याच्या सुट्या एका कागदावर मांडाव्यात.

आतां रजेचें. १९४८ सालच्या कारखाना कायद्यानें वीस दिवसांच्या कामामागें एक दिवस भरपगारी रजा, आणि अर्ज पंधरा दिवस आधीं, असा हिशेब घालून दिला. शास्त्रानें तर पंधरा दिवसांमागें एक एकादशी दिली आहे! तेव्हां अर्ज वेळेवर द्यावा. आजारपणाचा खोटा दाखला देऊन पंढरीला येणाऱ्यांना मी हात जोडून सांगतों, खोट्यानें वारी सुरू करूं नका. शेजारच्या यंत्रावरच्या भावाच्या घरीं लग्न किंवा दुखणें असेल तर आधीं त्याला जाऊं द्या. आणि ज्याचें काम कंत्राटी, ज्याला गेला दिवस म्हणजे बुडाली मजुरी, त्यानें मनाला लावून घेऊं नये. अरणचे सावता महाराज मळा सोडून गेले नाहींत. देव त्यांच्या मळ्यांत आला. त्यानें कामावरच नाम घ्यावें. त्याच्या आईला मात्र कोणी शेजाऱ्यानें बरोबर न्यावें.

इतकें ठरवूनहि सगळें तसेंच घडतें का? दशरथानें रामाचा अभिषेक चैत्रांतच ठरविला होता. नगर सजलें, मुहूर्त उद्यांवर आला, आणि एका रात्रींत अभिषेकाचा वनवास झाला. पण त्या मोडलेल्या बेतामुळेंच राम आपल्या गोदातीरीं पंचवटींत आला! बेत करणें आपल्या हातीं, तो फळणें त्याच्या हातीं. मात्र दशरथानें बेतच केला नाहीं, असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

सज्जनहो, हें सांगणारा मी मोठा शहाणा आहे असें समजूं नका. नाशकांत कामदा एकादशीला श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो. सातपुराहून तें अंतर दोन-तीन कोसांचें. माझी आई म्हणायची, "एकदां मला रथ दाखव." आणि माझ्या तारखा आधींच दिलेल्या, नवमी या गांवीं, एकादशी त्या गांवीं. लोकांना रामजन्म सांगत हिंडलों आणि आईला म्हणत राहिलों, "पुढच्या वर्षीं बघूं." एका माघांत ती गेली. त्या चैत्रांत मीं मुद्दाम तारीख घेतली नाहीं आणि रथाला जाऊन उभा राहिलों. रथ समोरून गेला, दोर लोकांच्या हातांत होता, गुलाल उडत होता. माझ्या शेजारीं कोणी नव्हतें.

पुंडलीकानें देवाला विटेवर थांबविलें, आणि आपण कौतुकानें तें सांगतों. पण त्यांतलें मर्म मला उशिरा कळलें. पुंडलीकानें देवाला थांबविलें, आईबापांना नाहीं. कारण देव थांबूं शकतो. आईबापांचें शरीर थांबत नाहीं.

म्हणून त्या तरुणाला मीं सांगितलें, "कोंकणांत जाणें पाप नाहीं. राबणाऱ्या जिवाला विसावा हवाच, आणि समुद्रहि देवाचाच. पण कोंकण पुढल्या सुटीला जागेवर असेल. आई असेल का, तें तुझ्या हातीं नाहीं. रजा शुक्रवार आणि सोमवार, दोन दिवसांची टाक. एस.टी.चें आरक्षण आजच कर. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे आणि बायांना अर्धें तिकीट. ऊन फार, म्हणून रात्रीचा प्रवास धर. पाणी, आईचीं औषधें, डोक्याला पंचा बरोबर घे. चैत्रांत पांडुरंगाला चंदनाची उटी लावतात, तें रूप तिला डोळे भरून पाहूं दे. दर्शनाची रांग पायांना झेपली नाहीं तर कळसाला हात जोडावेत, वारी पोंचते."

तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें रजेचा अर्ज दिला, एवढें मला कळलें.

मायबापहो, तुमच्याहि घरीं कोणाला तरी 'बघूं' म्हणून सांगितलें असेल. हें पान वाचून झालें कीं उठा, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि दिवस ठरवा. पंढरी, देहू, पैठण, नाहींतर गांवचेंच देऊळ असूं दे. पण तिथि सांगा. तिथि सांगितली म्हणजे तो संकल्प झाला. तो पुरा करणारा पांडुरंग समर्थ आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!