राखण

अरण्यात आपण कशासाठी जातो? दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील असोला भाटी अभयारण्यातून परतताना हा प्रश्न माझ्या मनात आला. केरळातील सायलेंट व्हॅलीसारखे सदाहरित वर्षावन येथे नाही. अरवलीचा खडक, विलायती कीकराची काटेरी झाडी आणि जुन्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेले निळसर पाणी, एवढेच येथील वैभव. तरीही महानगराला कंटाळलेली माणसे साहसाच्या व वन्य प्राण्यांच्या ओढीने येथे येतात. मीही धाकट्या भाच्याला घेऊन गेलो होतो. बिबट्या दिसेल अशी त्याला आशा होती. दिसली ती एक नीलगाय, तीही दुरून. त्याचा हिरमोड पाहून मी रस्त्याकडेच्या माकडापुढे केळे टाकले. माकड आले, मुलगा हसला. मला मात्र आपण चुकलो असे वाटत राहिले.

त्यात चुकीचे काय होते? २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीत पकडलेली माकडे येथे आणून सोडण्यात येऊ लागली. घराच्या गच्चीवर जे आपल्याला नकोसे, तेच येथे करमणुकीपुरते हवेसे! शिवाय केळे टाकून आपण त्या प्राण्याला मोटारींच्या वाटेवर येण्याची सवय लावतो. माझे ते देणे दान नव्हते. खेळाचे तिकीट होते.

एके काळी याच भूमीतून दिल्लीच्या इमारतींसाठी बदरपूर वाळू खणून नेली जात असे. १९८६ मध्ये असोल्याचा परिसर अभयारण्य झाला; १९९१ मध्ये भाटीचा भाग त्यास जोडला गेला. खाणकाम थांबले. अलीकडच्या वर्षांत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तेथे बिबट्यांचा वावर टिपला आहे. माणसाने जेथे हात आवरला, तेथेच बिबट्याला ठाव मिळाला.

भाषांतर करताना उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापाशी मी अनेकदा थबकलो आहे. देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते दोन कामांसाठी. मूळ इब्री क्रियापदे 'आवद' आणि 'शामर' अशी आहेत. पहिल्याचा अर्थ कसणे, तसाच सेवा करणे. दुसऱ्याचा अर्थ राखणे. काइन आपल्या भावाविषयी उद्धट प्रतिप्रश्न करतो, तेथेही 'शामर' आहे. आणि अहरोनाने लोकांना द्यावयाच्या आशीर्वादातही तेच क्रियापद आहे. मराठीत शब्द पालटतो, म्हणून हे नाते सहसा ध्यानात येत नाही. बाग, भाऊ आणि आपण स्वतः, तिघांच्याही राखणीला एकच शब्द!

आता कोणी म्हणेल, मग अरण्यात जाऊच नये काय? पाहिल्यावाचून मुलांना जिव्हाळा कसा वाटणार? हा आक्षेप खरा आहे. सिमेंटच्या जंगलात वाढणाऱ्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. परंतु पैसे मोजले म्हणून प्राण्याने दर्शन दिलेच पाहिजे, हा हट्ट घरी ठेवावा. राखणदार मालकी सांगत नाही. न दिसलेला बिबट्या कोठेतरी सावलीत निर्धास्त पहुडला असेल, तर आपली फेरी वाया गेली असे कसे म्हणावे?

भाच्याला हे अजून पुरते पटलेले नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेस केळी बरोबर असतील, पण ती घरी परतल्यावर आम्हीच खाऊ.