भट्टी सरकारी, उपचार कुणाकडे?

छत्तीसगडच्या रायपुरात दारूच्या दुकानाला भट्टी म्हणतात आणि चोरून दारू विकणाऱ्याला कोचिया. १ एप्रिल २०१७ पासून भट्टी सरकारी झाली. ठेकेदारांना बाजूला सारून राज्याच्या मार्केटिंग कॉर्पोरेशनने किरकोळ विक्री आपल्या ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी काँग्रेसने जाहीरनाम्यात दारूबंदीचं वचन दिलं, सत्ता मिळवली आणि २०२३ मध्ये गमावलीही. या सगळ्या काळात, लॉकडाउन वगळता, भट्ट्या चालूच राहिल्या. बंदी की महसूल, या वादावर सभा छान रंगतात. सकाळचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हाताची थरथर थांबत नाही, त्याच्याविषयी मात्र दोन्ही बाजूंना फारसं काही सुचत नाही.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटात छत्तीसगडमधले ३५.६ टक्के लोक दारू घेतात. त्या पाहणीत हे प्रमाण देशात सर्वाधिक होतं. देशाची सरासरी १४.६. यातले सगळेच व्यसनी नव्हेत. मोहाची दारू इथे लग्नात लागते, देवाला लागते, मयतालाही लागते, आणि तिच्याकडे नाक मुरडणाऱ्या शहरी माणसाचं इथे कुणी ऐकून घेत नाही. पण त्याच पाहणीतला एक आकडा जास्त बोचरा आहे: देशभरात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो.

दारू एकाएकी तुटली की काय होतं, ते मे २०२१ मध्ये बिलासपूरजवळच्या कोरमी गावाने पाहिलं. लॉकडाउनमध्ये काहींनी होमिओपॅथीचं, मद्यार्क ठासून भरलेलं औषध दारू म्हणून घेतलं आणि अनेकजण दगावले. असं काही घेतलं नाही तरी धोका टळत नाही: मुरलेल्या पिणाऱ्याने दारू सोडली की दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ लागतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर प्राणावर बेततं. म्हणून ‘मनावर घे, सुटेल’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला अपुरा तर आहेच, धोक्याचाही आहे.

याच प्रदेशात याहून शहाणं काम होऊन गेलं आहे. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या कंत्राटी मजुरांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. लढून मजुरी वाढवून घेतली, आणि वाढलेला पैसा दारूत जाऊ लागला. तेव्हा संघटनेनेच दारूविरोधी मोहीम हाती घेतली. बायका त्यात पुढे होत्या. १९८३ मध्ये याच मजुरांनी वर्गणी आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. तिथे पिणाऱ्याला हटकणारा माणूस उपदेशक नव्हता. त्याच्याबरोबर खाणीत घाम गाळणारा होता. सरकारी योजनेला ही जवळीक उसनी आणता येत नाही.

रायपुरात त्या जवळिकीच्या सर्वांत जवळ पोचते ती मितानिन, वस्तीतलीच आरोग्यसेविका. २००२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम तीन वर्षांनी आलेल्या ‘आशा’ योजनेचा नमुना ठरला आणि २०१२ पासून तो शहरी वस्त्यांतही आला. मितानिन त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहते. कुणाच्या घरी रात्री भांडी आपटतात, कुणाचं पोर शाळा सोडून पंक्चरचं सोल्यूशन हुंगतंय, हे तिला कागद न भरता कळतं. तिच्या दवापेटीत तापाची आणि जुलाबाची औषधं असतात. दारू तुटल्यावरच्या झटक्यांपुढे ती पेटी काय करणार? मेकाहारा म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आणि टाटीबंधचं एम्स, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. पण रोजंदारीवाल्याला रुग्णालयात जायचं म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. आणि हा उपचार एका फेरीत आटपणाराही नव्हे.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचं अभियान सुरू करावं लागलं; त्यात गावोगावच्या संघटनांबरोबर तालुक्यांत उपचाराचे दवाखानेही आले. बंदी असलेल्या जिल्ह्यालाही दवाखाना लागला, तर सरकारच दुकानदार असलेल्या राज्यात तो आधी हवा होता. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने घरच्यांनाही उपचारात ओढलं, पत्नींचा ‘सहचरी’ गट त्यातूनच आला.

पण पत्नीला नेहमी सोसणारीच समजण्यात रायपूरची गल्लत होईल. एम्सच्या त्याच पाहणीत छत्तीसगडमधल्या १३.७ टक्के बायका दारू घेतात असं दिसलं. व्यसनमुक्तीची भिंतीवरची चित्रं मात्र अजून ‘बाप पितो, आई रडते’ यापुढे जात नाहीत. १९ नोव्हेंबर २०२० पासून रायपूर, भिलाई आणि बिलासपुरात दाई-दीदी क्लिनिकच्या गाड्या वस्तीत जाऊ लागल्या. डॉक्टरपासून सगळ्या कर्मचारी बायकाच. पिणारी बाई मेकाहाराच्या रांगेत उभी राहून सगळ्यांदेखत हे सांगणार नाही. रक्तदाब मोजताना डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, तर कदाचित सांगेल. मग पुढची गोळी देण्याची सोयही त्याच गाडीत लागेल, आणि तिचा खर्च सरकारने भट्टीच्या गल्ल्यातूनच भागवावा.