परंपरेचे मोल कोणी द्यावे?

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि हलग्यांच्या कडकडाटाने रस्ते दुमदुमून जातात. यात्रेच्या आधी एक हलगी घ्यावी म्हणून मी वाद्ये करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो, तो दुकानातील मांडणी पार पालटलेली. कातड्याने मढवलेल्या हलग्या नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या जागी लोखंडी कड्यावर बोल्टांनी आवळलेल्या फायबरच्या हलग्या टांगल्या होत्या. “कातड्याची आता करीत नाही काय?” या माझ्या प्रश्नात तक्रारीचा सूर असावा, कारण तो शांतपणे म्हणाला, “सर, तीच चांगली म्हणणारे पुष्कळ येतात, घेणारे येत नाहीत.”

परंपरेने चालत आलेली वस्तू करणे जो कारागीर सोडून देतो, तो समाजाचा काही अपराध करतो काय?

करतो, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार नाद हा असतो. कातड्याचा नाद भरदार, फायबरचा टणक, हे माझ्याही कानाला जाणवते. तथापि कातडे दमट हवेत सैल पडते, वाजविण्यापूर्वी ते विस्तवावर शेकावे लागते. ही यातायात ऐकणाऱ्याला नव्हे, वाजविणाऱ्याला करावी लागते. शिवाय नादाचे सारे श्रेय कातड्याला देणेही बरोबर नव्हे. चंद्रशेखर वेंकट रामन व शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांच्या सुरेलपणाची मीमांसा केली. तबला-मृदंगाच्या पुडीवर जो शाईचा भार चढवितात, त्यामुळे त्यांचे उपस्वर सुसंवादी होतात. म्हणजे माधुर्याचा मोठा वाटा कारागिराच्या हाताचा आहे. अमेरिकेत रेमो बेली यांनी १९५७ साली पॉलिएस्टरच्या पानांचा कारखाना काढला, म्हणून तेथील ढोल मुके झाले नाहीत.

परंतु खरा प्रश्न नादाचा नाहीच. ज्या समाजांनी कातडी कमावली आणि हलगी वाजविली, त्यांना आपण शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. हलगी मिरवणुकीच्या पुढे आणि वाजविणारा देवळाच्या बाहेर, ही आपली परंपरा! १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडून देण्यास आपल्या बांधवांस सांगितले, ते काही कारागिरीच्या द्वेषाने नव्हे. वतनाच्या नावाखाली चाललेली सक्तीची सेवा १९५८ च्या कायद्याने संपली. ज्याला काम सोडण्याची मुभाच नव्हती, त्याने ते केले यास निष्ठा म्हणावे कसे? आणि आज मुभा मिळाल्यावर त्याने ते सोडले, तर त्यास द्रोह तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

याचा अर्थ कारागिरास कोणतेच कर्तव्य नाही असा नव्हे. फायबरला कातडे म्हणून विकणे ही फसवणूक होय. तसेच ज्यांनी आपल्याकडून पूर्वी वाद्य घेतले, त्यांचे फाटलेले कातडे पुन्हा मढवून देणे हे ऋण, माल पालटला तरी, फिटत नाही. नवी वस्तू करणे थांबविता येते. जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द थांबविता येत नाही. याहून अधिक मागण्याचा अधिकार समाजास हवा असेल, तर त्याने दाम मोजावा आणि मानही द्यावा.

हे सारे त्या दुकानात मला सुचले नव्हते. मी एवढेच म्हणालो, “माझ्यासाठी कातड्याची एक करून द्या.” त्याने किंमत सांगितली. फायबरच्या हलगीहून ती बरीच अधिक होती. मी क्षणभर घुटमळलो, मग आगाऊ रक्कम त्याच्या हाती ठेवली. त्याने ती न मोजता पेटीत टाकली; पण माझे ते घुटमळणे त्याने पाहिले होते, आणि घरी येईपर्यंत मलाही ते विसरता आले नाही.